पळसगावचा नाईक

आमच्या सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकांचे जे प्रमुख आहेत ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले तामिळ गृहस्थ. सगळे त्यांना ‘साब’ म्हणतात, मीही म्हणतो. बेळ्ळंदूरच्या रिंगरोडवर सकाळी आठनंतर जी वाहनांची रांग लागते ती रात्री नऊपर्यंत हलत नाही. पण सहाच्या सुमाराला सगळं शांत असतं आणि साब चहाचा पेला हातात धरून फाटकाशी उभे असतात. एका फेब्रुवारीत, २४ तारखेला, त्यांच्या टेबलावर एक छोटी तसबीर दिसली. तिच्यापुढे दोन शेवंतीची फुलं ठेवलेली. कोण म्हणून विचारलं, तर त्यांनी आधी पेला खाली ठेवला आणि मग सांगितलं, “सुभेदार सुब्रमण्यन. जॉर्ज क्रॉस. माझ्या पलटणीचे.”

साब मद्रास सॅपर्सचे. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता काढणारा, सुरुंग पेरणारा आणि पेरलेले शोधून काढणारा सैनिक. १९४४च्या २४ फेब्रुवारीला इटलीत, कॅसिनोजवळच्या मिन्यानो भागात, सुब्रमण्यन आपल्या माणसांना घेऊन सुरुंगांच्या पट्ट्यात शिरले होते. पायाखालचा एक सुरुंग चाळवला गेला. तो फुटायला काही क्षण असतात, हे त्या कामातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. त्या क्षणांत सुब्रमण्यन स्वतः सुरुंगावर आडवे पडले. बरोबरची माणसं वाचली. शत्रूच्या तोंडावर लढताना दाखवलेल्या शौर्याला व्हिक्टोरिया क्रॉस देत. शत्रू समोर नसताना तितकंच धैर्य दाखवलं तर १९४० साली सुरू झालेला जॉर्ज क्रॉस देत. सुब्रमण्यन यांना तो मरणोत्तर मिळाला.

साबांनी हे सगळं फौजी हिंदीत सांगितलं, जुन्या शेजाऱ्याविषयी बोलावं तसं. मग मला विचारलं, “तुम्ही मराठी ना? तुमच्या मराठा पलटणीचा कोण?”

यशवंत घाडगे हे नाव मला माहीत होतं, व्हिक्टोरिया क्रॉसही माहीत होता. पण कुठला, कुठे पडला, घरी कोण होतं, यातलं काही सांगता येईना. साब काही बोलले नाहीत. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की या माणसाच्या गावापर्यंत जाऊन यायचं. तारीखही ठरवली: १० जुलै, त्याच्या मरणाचा दिवस.

बेळ्ळंदूरला राहणाऱ्याला लष्कर तसं परकं नाही. इब्लूरपाशी लष्कराची जमीन आहे. तळ्याच्या पलीकडे आगरमला आर्मी सर्व्हिस कोअरचं केंद्र आहे. २०१८च्या जानेवारीत तळ्यातल्या वाळलेल्या गवताला आग लागली तेव्हा ती विझवायला तिथलेच जवान उतरले होते. हलसूरच्या तळ्याला लागून मद्रास सॅपर्सचं केंद्र. या दलाची परंपरा १७८०पासूनची. जूनमध्ये एका रविवारी मी मेट्रोने हलसूरला गेलो. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून तळ्याच्या काठाने नुसतं चालत राहिलो. पाण्यावरून पलीकडची झाडं दिसत होती. इथे शिकलेली पोरं कॅसिनोच्या डोंगरांत सुरुंग शोधत होती तेव्हा याच बंगळुरात इटालियन युद्धकैद्यांच्या मोठ्या छावण्या होत्या. आफ्रिकेत पकडलेले हजारो सैनिक इथे आणून ठेवले होते. इटलीची पोरं म्हैसूरच्या पठारावर कैदेत आणि आपली पोरं इटलीच्या डोंगरांत रणात.

८ जुलैच्या रात्री बंगळूरहून गाडी धरली. तुमकूर जागेपणी गेलं, हुबळी झोपेत. सकाळी डोळे उघडले तेव्हा खिडकीच्या काचेवर पावसाचे ओघळ होते आणि डब्यात कानडीइतकंच मराठी ऐकू यायला लागलं होतं.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, १९२२पासून. कॅम्पातले रुंद रस्ते आणि पावसाने काळी पडलेली झाडं यांच्यामधून रंगरूटांची एक तुकडी पळत गेली. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. कुणी सातारचं असेल, कुणी चंदगडचं, कुणी कोकणातलं. यशवंत घाडगे १९४४ साली बावीस वर्षांचा होता. आजोबांच्या पिढीचा म्हणून आपण त्याच्याकडे वर मान करून बघतो. त्या पोरांना पळताना पाहिलं आणि तो एकदम माझ्या मुलाच्या वयाचा झाला.

त्याच्या पलटणीची गोष्ट इथेच सांगायला हवी. तिचं तेव्हाचं नाव तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. बोलण्यात ‘थ्री-फाइव्ह मराठा’. १९२२ साली हे नाव मिळण्याआधी ती ११०वी मराठा होती. पहिल्या महायुद्धात ही ११०वी पलटण मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने तिथे अडकून पडलेल्या सैन्याने घोडे मारून खाल्ले आणि शेवटी २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करली. पुढे तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती तरी जण गेले. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांत त्या वर्षी नुसतं ‘बेपत्ता’ एवढंच कळलं असेल. बेळगावच्या केंद्राचा वारसा त्याच मेसोपोटेमियातला, पण वेगळा. १९१८च्या ऑक्टोबरात शर्कतच्या लढाईत गाजलेली ११४वी मराठा पलटण पुढे इथली प्रशिक्षण पलटण झाली. म्हणून इथे शर्कतचं नाव आजही आदराने घेतात. एकाच नदीच्या मुलखात एका मराठा पलटणीच्या वाट्याला कैद आली आणि दुसरीच्या वाट्याला विजय. मला ही दोन नावं कायम शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात.

दुसऱ्या महायुद्धात थ्री-फाइव्ह मराठा पहिल्यांदा नावारूपाला आली ती १९४१च्या मार्चमध्ये, एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर. पलटणीचे कमांडर होते डेनिस रीड. हे रीड पुढच्या वर्षी उत्तर आफ्रिकेत पकडले गेले, इटलीत कैदेत राहिले, तिथून निसटले आणि १९४४ साली भारतीय सैन्याच्या दहाव्या डिव्हिजनचे प्रमुख म्हणून पुन्हा इटलीतच लढायला आले. घाडगेंची पलटण त्यांच्याच डिव्हिजनमध्ये होती. ज्या मराठ्यांबरोबर रीड केरेनच्या उतारावर चढले होते, तेच आता टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या हाताखाली होते.

युद्ध संपल्यावर या पलटणीने हवाई छत्री अंगावर घेतली. स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ला बांगलादेशात टांगाईलला विमानांतून उतरली ती हीच. पलटण कुणाची, ब्रिटिशांची की भारताची, असा प्रश्न बेळगावात कुणी विचारत नाही. तिथे नाव बदलतं, निशाण बदलतं, आणि सकाळी सहाला पोरं पळायला निघतात.

बाहेरच्या जगात मात्र तो प्रश्न येतोच, आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. घाडगे इटलीत लढत होता तेव्हा काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘छोडो भारत’ची दोन वर्षं पुरी होत आली होती. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती. आणि भारतीय सैन्य स्वेच्छेने भरती झालेल्यांचं होतं. युद्ध संपताना त्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती. यांतल्या फार थोड्यांना साम्राज्याचं प्रेम होतं. मनिऑर्डर घरी पोहोचत होती, वडील-चुलते फौजेत होते, गावात मान होता, दोन वेळचं अन्न होतं. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. ही नावं सरकारने दिली असोत की लोकांनी, गावांनी ती अभिमानाने वागवली.

पण देशाच्या आठवणीत १९४७ ही एक भिंत झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर स्वातंत्र्यानंतर प्राण दिलेल्यांची नावं कोरली आहेत. ते योग्यच आहे. त्यांच्या आधी गेलेल्यांसाठी मात्र इंडिया गेट आहे पहिल्या महायुद्धाचं, आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावं बहुतेक परदेशातल्या युद्धस्मशानांत. ब्रिटिशांसाठी ते ‘आमचे’ कधीच पूर्ण झाले नाहीत, आणि आपण त्यांना ‘त्यांचे’ समजून बाजूला ठेवलं. मला वाटतं, युद्ध कुणाचं होतं याचा निकाल लागेपर्यंत माणूस ताटकळत ठेवण्याची गरज नाही. युद्ध इंग्रजांचं असेल, यशवंत घाडगे माणगावचा होता.

दुपारी बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने एसटी निघाली. शिनोळीला राज्य बदलतं. बसमधल्या बायकांच्या गप्पा मात्र जिथल्या तिथे चालू राहतात. आंबोलीला धुकं इतकं दाट होतं की चालकाने दिवे लावले आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत बस उतरवली. मुक्काम सावंतवाडीला.

सकाळी सावंतवाडी-दिवा पॅसेंजर. या गाडीने कोकण बघावं, कारण ती प्रत्येक ठिकाणी थांबते आणि घाई कशालाच नसते. १० जुलै. कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, खेड. बोगदा संपला की शेत, शेत संपलं की बोगदा. प्रत्येक खाचरात लावणी चाललेली. पाठीवर इरलं किंवा निळं प्लॅस्टिक, गुडघाभर चिखल, हातात आव्याच्या मुठी. बायका एका ओळीत मागे मागे सरकत रोपं खोचत होत्या आणि कडेला एखादा नांगर नाहीतर पॉवर टिलर चिखलणी करत होता.

ते बघताना एक साधी गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली. १९४४ सालीही १० जुलैला इथे लावणीच चालू असणार. पाऊस वेळेवर असो की उशिरा, कोकणात जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे शेतात उतरायचे दिवस. त्याच दिवशी त्याच वेळी इटलीत कडक उन्हाळा होता.

माणगावला गाडीतून उतरलो तेव्हा दुपार होऊन गेली होती आणि पाऊस मुसळधार. स्टेशनाबाहेर एक रिक्षावाला भेटला, पंचविशीचा. “काका, कुठं?” म्हणाला. आधी तहसील कचेरीपाशी घाडगेंचा पुतळा बघायचा आहे आणि मग त्यांच्या गावाला, पळसगावला, जायचंय, असं सांगितल्यावर त्याने वळून पाहिलं. “नातेवाईक का?” नाही म्हटलं. “मग मिलिटरीतले?” तेही नाही. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “चला. भिजाल, पण चला.”

पुतळ्यापाशी छत्री धरून उभा राहिलो. मुंबई-गोवा महामार्गाची रहदारी ऐकू येत होती, कचेरीत कामाला आलेली माणसं वळचणीला दाटून उभी होती. मी तिथे उभ्या उभ्या मनात तो दिवस जुळवत होतो.

रोम ४ जून १९४४ला पडलं होतं, पेरुजिया २० जूनला. जर्मन सैन्य मागे हटत होतं, पण पळत नव्हतं. एक डोंगररांग धरायची, तिथे मशीनगनी रोवायच्या, दोन-चार दिवस पुढच्यांना रक्त सांडायला लावायचं आणि मग मागच्या रांगेवर जायचं, अशी त्यांची पद्धत. रोममधून वाहते तीच टायबर नदी वरच्या अंगाला अरुंद खोऱ्यातून येते. दोन्ही बाजूंना डोंगर, माथ्यावर मोंतोनेसारखी तटबंदीची जुनी गावं. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना चढ नवा नव्हता.

१० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीने जर्मनांच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक यशवंत घाडगे त्यातल्या एका सेक्शनचा प्रमुख. नाईक म्हणजे आठ-दहा जणांचा म्होरक्या. सैन्याच्या उतरंडीत खालून दुसरी-तिसरी पायरी, पण त्या आठ-दहा जणांसाठी सगळं काही तोच. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. क्षणात सेक्शनमधला प्रत्येक जण पडला, कुणी मेला, कुणी जखमी. उभा राहिला एकटा यशवंत.

पाठीमागून येणारं आता कुणी नाही, हे त्याला माहीत होतं. मानपत्रात हे मुद्दाम नोंदवलं आहे आणि मला त्यातली ही नोंद सर्वांत मोलाची वाटते. रागाच्या भरात धावलेल्या माणसाचं शौर्य वेगळं. मागे कुणी उरलं नाही हे जाणून पुढे गेलेल्याचं वेगळं. तो थेट मशीनगनवर धावला. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. नवं मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. ठाणं त्याच्या एकट्याच्या हातात आलं, आणि तिथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या जागेवरच त्याने प्राण सोडला.

हे लिहिताना हात अडखळतो. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारणं ही गोष्ट सुंदर करून सांगता येत नाही, सांगूही नये. समोरची दोघंही कुणाची तरी पोरं होती. पण आपली सगळी माणसं डोळ्यांदेखत पडलेली असताना बावीस वर्षांच्या मुलाने तिथून मागे फिरायचं नाकारलं, हेही तितकंच खरं आहे आणि त्यापुढे मान झुकते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा क्रॉस १८५६पासूनचा, भारतीय सैनिकांना मात्र तो १९११पर्यंत मिळूच शकत नव्हता. काळपट ब्राँझचं पदक, गडद लाल फीत. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून ते त्याच्या पत्नीने घेतलं. कोकणातली तरुण विधवा आणि समोर साम्राज्याचा व्हाइसरॉय. कागदोपत्री हा प्रसंग एका ओळीचा आहे. गावातून निघून तिथवर पोहोचेपर्यंतचा तिचा प्रवास कुणी लिहून ठेवलेला माझ्या वाचनात नाही, आणि माझ्या या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त तोच हवा होता. यशवंतचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, ज्यांच्या समाधीची जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक जणांच्या सोबत. म्हणजे तिला जाऊन फूल वाहावं असं ठिकाणही नव्हतं.

माणगावहून पळसगावच्या रस्त्याला रिक्षा सावकाश चालली. दोन्ही बाजूंनी पाणी. पऱ्ह्यांवरच्या मोऱ्या तुडुंब. हिरवा रंग इतका की डोळ्यांत भरून राहतो. पळसगावात शिरताना शेतातल्या एका वयस्क बाईंनी कंबर सरळ करून हाक मारली, “कुणाकडं आलाव?” रिक्षावाल्यानेच उत्तर दिलं, “आजी, घाडग्यांचं गाव बघायला आलेत. बंगळूरवरनं.” आजींनी मान हलवली, जणू बंगळूरहून या कामासाठी येणं रीतीचंच आहे, आणि पुन्हा वाकल्या.

आम्ही एका वळचणीला उभे राहिलो. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. मी मोबाइलवर रिक्षावाल्याला मोंतोनेचं चित्र दाखवलं. २०२३च्या जुलैमध्ये तिथल्या नगरपालिकेने आणि इटलीच्या युद्ध-इतिहासकारांनी यशवंत घाडगेंच्या नावाने स्मारक उभारलं आहे. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे, सावलीवरून वेळ सांगणारं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. त्याच्या अनावरणाला भारताच्या राजदूत हजर होत्या. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते. ५,७८२ जण परतले नाहीत. चाळीस स्मशानभूमींत त्यांच्या खुणा आहेत. त्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा भारतीयांचे.

ज्या खोऱ्यात तो लढला तिथल्या गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनी त्याच्यासाठी दगड घडवला, याचं मला मोल वाटलं. दगडावर माणगावच्या पोराचं नाव आहे, साम्राज्याचं नाही.

रिक्षावाला बराच वेळ चित्र बघत राहिला. दोन बोटांनी मोठं केलं, पुन्हा लहान केलं. “हे पावसात कसं चालतं?” त्याने विचारलं.

“ऊन असेल तरच.”

त्याने आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “आपल्याकडं असतं तर जूनपासून बंदच. तिथं आता ऊन असेल?”

“जुलै आहे. असेल.”

“वाजले किती असतील तिथं?”

माझ्या घड्याळात चार वाजले होते. तिथली वेळ साडेतीन तास मागे, म्हणजे साडेबारा. मी तसं सांगितलं.

“म्हणजे सावली अगदी आखूड,” तो म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात देऊन भिजलेली सीट पुसायला गेला.